ट्रॉली ओढण्यासाठी फोर बाय फोरचा डिफरेन्शियल रेशो बदलताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात फोर बाय फोर घेणारे बरेच जण ती फिरायला कमी आणि कामाला जास्त वापरतात. उन्हाळ्यात पाण्याची टाकी, सुगीनंतर कडबा, कुठे चाकावरचा जनरेटर, तर कुठे माळेगावच्या यात्रेला निघालेला देवणी वळू. मागे वजन लागलं की सपाटीवर बरी चालणारी गाडी मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात दुसऱ्या गिअरवर येते, धूर सोडते, क्लचचा वास येतो. मग कोणीतरी सांगतं, "क्राऊन-पिनियन बदलून टाका, गाडी रेड्यासारखी ओढेल."

सल्ला खोटा नाही. क्राऊन आणि पिनियन हे डिफरेन्शियलमधले एकमेकांत अडकणारे दोन गिअर. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणारा दांडा) किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, तो रेशो त्यांच्या दातांवरून ठरतो. पण त्या सल्ल्यात रेशो कोणता, दोन्ही ॲक्सलचं काय, सेटिंग कोण करणार आणि नंतर काय पाळायचं, हे कोणी सांगत नाही. माझ्या गाडीचं पुढचं-मागचं दोन्ही काम झालं आहे आणि ते होताना मी शेजारी उभा होतो. त्या वेळी मला जे माहीत असायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितो.

१. आधी खात्री करा की दुखणं हेच आहे

रेशो बदलणं हे मोठं काम आहे. त्याआधी स्वस्तातली कारणं तपासून घ्या. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का? टर्बोचा रबरी पाइप किंवा इंटरकूलरची नळी फाटली आहे का? फाटलेल्या नळीजवळ तेलकट काळा डाग दिसतो. क्लच घसरतो का? चौथ्या गिअरला चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच गेला. ब्रेक धरून राहतात का? वीस किलोमीटर चालवून चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, एखादंच जास्त तापलेलं असेल तर ओढ तिथे खर्च होते आहे.

आणि टायर बघा. कंपनीने दिलेले २३५/७० आर१६ काढून ३१ इंची टायर टाकले असतील, तर चाकाचा व्यास साधारण ७३५ मि.मी.वरून ७८७ मि.मी.वर गेला. म्हणजे ओढ सात टक्क्यांनी कमी झाली. ३.७३ चा रेशो ३.४८ असल्यासारखा वागू लागतो. अशा गाडीला मूळ मापाचे टायर परत बसवले की निम्मं काम तिथेच होतं.

आणखी एक गोष्ट. तुमचं ओढणं फक्त शेतात, चिखलात, अर्ध्या-एक किलोमीटरचं असेल तर रेशोला हात लावू नका. त्यासाठी फोर-लो आहे. ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समधून आलेली ओढ पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या डब्याचा) लो गिअर अशा गाड्यांत ओढ साधारण अडीच पट करतो, क्राऊन-पिनियन बदलून पंधरा ते तीस टक्के मिळते. रेशो बदलायचा तो डांबरी रस्त्यावर वजन घेऊन लांब जाणाऱ्यांनी, कारण तिथे फोर-लो वापरता येत नाही.

२. सध्याचा रेशो मोजा

ॲक्सलवर पत्र्याची खूण असेल तर तीवरून कळतो, पण जुन्या गाडीत ती खूण पडलेली असते किंवा आतलं सामान आधीच कोणीतरी बदललेलं असतं. मोजूनच घ्या.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागची दोन्ही चाकं जॅक स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा. दोघांनी दोन्ही मागची चाकं एकाच दिशेने, एकाच वेळी १० फेरे फिरवायची आणि तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. ३७ पेक्षा थोडे जास्त आले तर ३.७३, साडेपंचेचाळीसच्या आसपास आले तर ४.५६. नंतर खोलल्यावर दात मोजून पक्कं करता येतं: क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. ४१ ला ११ ने भागलं की ३.७३, ४१ ला ९ ने भागलं की ४.५६.

हेच पुढच्या ॲक्सललाही करा.

३. नवा रेशो हिशेबाने ठरवा

आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, आणि तेवढंच इंजिनही जास्त फिरणार. जुन्या जीप बघा. लष्करी विलीस एमबीला ४.८८ रेशो होता आणि नंतरच्या सीजे-३बी ला ५.३८. छोट्या इंजिनावर त्या गाड्या ट्रेलर ओढायच्या त्याचं मोठं कारण हेच, आणि मोकळ्या रस्त्यावर त्या पळायच्या नाहीत त्याचंही.

हिशेब असा. टायरचा घेर काढा: २३५/७० आर१६ चा सुमारे २.३१ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ४३३ फेरे. याला डिफरेन्शियलच्या रेशोने आणि चालू गिअरच्या रेशोने गुणलं की इंजिनचे फेरे मिळतात. पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर बहुधा १:१ असतो. पाचवा ०.८ धरला तर:

- ३.७३: चौथ्यात ६० च्या वेगाला १६१५ फेरे, पाचव्यात १०० च्या वेगाला २१५०
- ४.२७: चौथ्यात ६० ला १८५०, पाचव्यात १०० ला २४६०
- ४.५६: चौथ्यात ६० ला १९७५, पाचव्यात १०० ला २६३०
- ४.८८: चौथ्यात ६० ला २११५, पाचव्यात १०० ला २८२०

आता तुमच्या इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती फेऱ्यांना भरतो ते मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या थार सीआरडीईचा २४७ न्यूटन-मीटरचा टॉर्क १८०० ते २००० फेऱ्यांना मिळतो. आपल्या बऱ्याच डिझेल इंजिनांचा भरणा याच्या आसपास सुरू होतो. ट्रॉली मागे असताना आपण जातो ५०-६० ने. ३.७३ वर त्या वेगाला चौथ्यात इंजिन भरण्याच्या खालीच राहतं, थोडा चढ आला की तिसरा टाकावा लागतो. ४.२७ वर तेच इंजिन भरण्यात येऊन बसतं. सगळा फायदा इथे आहे.

माझं मत स्पष्ट आहे. मूळ टायर आणि एक-सव्वा टनाची ट्रॉली असेल तर ३.७३ वरून ४.२७ पुरे, ओढ साडेचौदा टक्क्यांनी वाढते. ३१ इंची टायर ठेवायचेच असतील, किंवा गाडी आठवड्यातून अनेकदा घाट चढणार असेल, तर ४.५६. तिथे वाढ बावीस टक्के. ४.८८ च्या मोहात पडू नका. रिकाम्या गाडीने समृद्धीवरून जालन्याहून नागपूरला निघालात तर इंजिनचा आवाज आणि डिझेल दोन्ही जाणवेल.

आणि एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं: रेशोने ओढ वाढते, गाडीची वजन पेलण्याची मर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच, चेसिस तीच, हूकही तोच. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, त्यात टाकीचं आणि ट्रॉलीचं वजन वेगळं. दोन हजार लिटरची टाकी जीपच्या मागे, बिनब्रेकच्या ट्रॉलीवर, हे कोणत्याही रेशोवर करू नये.

४. दोन्ही ॲक्सलचं सामान हातात आल्याशिवाय काही खोलू नका

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. मागचा संच लगेच मिळतो, पुढचा "आठवड्यात येईल" असं सांगतात आणि तो कधीच येत नाही. मागे ४.५६ आणि पुढे ३.७३ अशा गाडीत फोर बाय फोर टाकलं की पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात, ट्रान्सफर केस आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) एकमेकांशी भांडतात आणि त्यातलं जे कमजोर ते तुटतं. "फोर बाय फोर टाकूच नका" हा त्यावरचा उपाय नव्हे. ऐन पावसाळ्यात काळ्या रानात ते तुम्ही टाकणारच.

पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या नव्या गाड्यांना पुढच्या डिफरेन्शियलचा वेगळ्या रेशोचा संच मिळणं अवघड असतं. मिळाला नाही तर बेत तिथेच सोडा.

क्राऊन आणि पिनियन ही कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली जोडी असते, दोन्हींवर एकच जुळणी क्रमांक असतो. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचं पिनियन अशी जोडी कोणी देत असेल तर फुकटही घेऊ नका. जुन्या स्पेअरच्या बाजारातून घ्यायचंच असेल तर त्याच घराण्यातल्या पिकअपचा जास्त रेशोवाला अख्खा डिफरेन्शियल घ्या, म्हणजे सेटिंग मूळचं राहतं. तो गाडीत बसतो का, ॲक्सल शाफ्टचे खाचे तेवढेच आहेत का, हे मोजूनच पैसे द्या.

काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या वर गेलं की क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरिअरही बदलावा लागतो. डाना ४४ ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. तुमच्या ॲक्सलचं काय आहे ते सामान मागवतानाच विचारा.

५. कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. आरसीवर डिफरेन्शियलचा रेशो लिहिलेला नसतो, म्हणून काही विचारायची गरज नाही असं गॅरेजवाले सांगतात. तुम्ही मात्र काम सुरू करायच्या आधी आपल्या आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघात झाला तर विमा कंपनी हेच उकरून काढते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीने स्वतः दिलेला रेशो निवडला तर बोलणं सोपं जातं. गाडी वॉरंटीत असेल तर थांबा.

सोबत ठेवा:

- गाडीचं आरसी आणि विमा पॉलिसी
- ट्रॉलीचं स्वतंत्र आरसी (ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते, ट्रॅक्टरची ट्रॉली जीपला जोडून चालत नाही)
- मॅन्युअलमधलं वजन आणि ओढण्याच्या मर्यादेचं पान
- सामानाची पक्की बिलं, पार्ट नंबर आणि जुळणी क्रमांकासह
- कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली डिफरेन्शियलची मापं

शेवटचा कागद मिस्त्रीच्या हातात द्या. खाली मी दिलेले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत, खरे आकडे त्या पानावरचे.

६. सामान आणि मिस्त्री

प्रत्येक ॲक्सलसाठी: क्राऊन-पिनियनचा संच, पिनियनची दोन्ही बेअरिंग, कॅरिअरची दोन्ही बेअरिंग, ऑईल सील, पिनियनचा नट, क्राऊनचे नवे बोल्ट, शिमचा (जागा जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच, क्रश स्लीव्ह (नट आवळला की चेपणारी नळी) असेल तर एक नाही दोन, गास्केट, थ्रेड लॉक आणि जीएल-५ दर्जाचं तेल.

हत्यारं: डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप) आणि त्याचा चुंबकी स्टँड, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच, बेअरिंग पुलर, हायड्रॉलिक प्रेस, प्रुशियन ब्लू (दातांचा ठसा बघायचा निळा रंग).

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड इथे ट्रक-जीपच्या क्राऊनचं काम आयुष्यभर केलेले हाताचे पक्के लोक आहेत. पण जाऊन पहिला प्रश्न विचारा, "डायल गेज आहे का?" प्ले (क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणारा ट्रकच्या जुन्याच सामानावर कदाचित निभावून नेईल, नव्या संचावर नाही. मी आधी जिथे गाडी लावली तिथे गेज नव्हता. सामान घेऊन मी तिथून निघालो आणि आजही मला तो निर्णय योग्य वाटतो. प्रेस नसेल तर चालेल, शेजारचा लेथवाला बेअरिंग बसवून देतो.

जागा बंदिस्त हवी. वैशाखातल्या वावटळीत उघड्यावर डिफरेन्शियल जोडलं तर बेअरिंगमध्ये माती जाणारच.

७. खोलताना

खोलायच्या आधी जुना प्ले मोजून लिहून घ्या. कॅरिअरच्या बेअरिंग कॅपवर पंचने खुणा करा. डावी-उजवी, वर-खाली काही बदलता कामा नये, कारण त्या कॅप त्याच जागी बसवून आतलं भोक कापलेलं असतं. जुन्या शिम फेकू नका, त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजा, नवं सेटिंग तिथून सुरू होतं. हाऊजिंग डिझेलने धुवा आणि ॲक्सलच्या नळीच्या टोकापर्यंत पुसा, जुन्या दातांचा चुरा तिथे लपतो. ब्रीदर (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) उघडा आहे का बघा. आपल्या काळ्या मातीने तो बुजतो, मग तापलेल्या तेलाचा दाब सील फोडून बाहेर येतो.

८. सेटिंग: इथे घाई नको

क्राऊन कॅरिअरवर बसवताना गॅसची ज्योत लावू देऊ नका, गरम पाण्यात ठेवला तरी तो पुरेसा फुगतो. मग नवे बोल्ट, थ्रेड लॉक लावून, समोरासमोरचे एकानंतर एक, टॉर्क रेंचने.

पिनियनची खोली शिमने ठरते. शिम वाढवली की पिनियन क्राऊनच्या मध्याकडे सरकतं. जुन्या शिमपासून सुरुवात करा. पिनियनच्या तोंडावर अधिक-उण्याचा आकडा कोरलेला असेल तर जुन्या-नव्यातला फरक धरा. पहिल्याच वेळी जमेल अशी आशा धरू नका, शिम बदलण्यासाठी बेअरिंग पुन्हा पुन्हा काढावं लागतं. हुशार मिस्त्री जुन्याच बेअरिंगचं आतलं भोक लेथवर किंचित घासून सैल करतो आणि चाचणीसाठी तेच वापरतो. नवं बेअरिंग शेवटी एकदाच दाबायचं.

प्ले: क्राऊनच्या दातावर डायल गेज टेकवून, पिनियन घट्ट धरून क्राऊन हलवायचा. साधारण ०.१३ ते ०.२३ मि.मी. हवा. चार ठिकाणी मोजा. चारही आकड्यांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर क्राऊन वाकडा बसला आहे, खाली कचरा राहिला असेल.

मग निळा ठसा. क्राऊनच्या तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी प्रुशियन ब्लू लावायचा, पातळ. एकाने पिनियनच्या तोंडाला चिंधी गुंडाळून घट्ट दाबून धरायचं, दुसऱ्याने क्राऊनच्या बोल्टला पाना लावून क्राऊन दोन्ही दिशांना फिरवायचा. चिंधीचा ताण महत्त्वाचा आहे, नुसतं फिरवलं तर ठसा उमटतच नाही. मग टॉर्च धरून बघा. दातावरचा निळा रंग जिथे दाबला गेला तिथे धातू चमकतो. ती चमक दाताच्या उंचीच्या मधोमध, लांबट आणि कडांना मावळत जाणारी हवी. चमक दाताच्या माथ्याशी गेली असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, शिम वाढवा. दाताच्या बुडाशी, कडक रेघेसारखी असेल तर पिनियन फार आत गेलं, शिम कमी करा. शिम बदलली की प्ले पुन्हा जुळवायचा आणि पुन्हा ठसा. जुळलेल्या ठशाचा फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा.

आमच्या मिस्त्रींनी ठसा बसला तरी हात पुसले नाहीत. अजून एक बारीक शिम काढून बघितली, ठसा बिघडला, तेव्हा परत घातली. "आता खात्री झाली, ह्याच्या दोन्ही बाजूंना चूक आहे," म्हणाले. अशा माणसाकडे काम द्या.

शेवटी पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंग आवळल्यावर पिनियन फिरवायला लागणारा जोर. नव्या बेअरिंगला साधारण २ ते ३.५ न्यूटन-मीटर, सील आणि कॅरिअर बसवायच्या आधी मोजायचा. क्रश स्लीव्ह असेल तर नट थोडा थोडा आवळा आणि प्रत्येक वेळी मोजा. प्रमाणापेक्षा जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, स्लीव्ह एकदा चेपली की चेपली. दुसरी स्लीव्ह घ्यायची म्हटलं ती यासाठी.

पुढच्या ॲक्सललाही हेच सगळं. फक्त लक्षात ठेवा, बऱ्याच पुढच्या ॲक्सलमध्ये गाडी पुढे ओढताना भार दाताच्या उलट बाजूवर येतो. तिथे त्या बाजूचा ठसा तितकाच नीट बघा.

९. जोडल्यावर

गाडीची चारही चाकं जॅक स्टँडवर उचलून फोर-हाय (लो गिअरशिवायचं फोर बाय फोर) टाका, पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे मोजून एकसारखे आहेत ना ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि चुकीचा संच आला असेल तर इथेच कळतं.

स्पीडोमीटर गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसवरून चालत असेल तर तो आता जास्त दाखवेल. ३.७३ चं ४.५६ केलं असेल तर खऱ्या ६० ला तो ७३ दाखवतो, किलोमीटरही तसेच वाढतात. केबलवाल्या गाड्यांत छोटा गिअर बदलून हे सुधारतं. ज्या गाड्यांत वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून घेतला जातो त्यांचा वेग बरोबर राहतो, पण इंजिनच्या संगणकाला गिअरचा हिशेब जुळत नाही आणि दिवा लागू शकतो.

१०. पहिले ८०० किलोमीटर

या काळात ट्रॉली जोडायची नाही. सुरुवातीला वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश चालवा, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं काही वेळा करा. नवे दात एकमेकांवर बसताना बरंच तापतात, त्यात मे महिन्याचं ऊन. शक्यतो हे काम दिवाळीनंतर काढा. ८०० किलोमीटरला दोन्ही डिफरेन्शियलचं तेल काढून टाका, चुंबकी बोल्टवर बारीक राखाडी पेस्ट आली तर ती ठीक. बोटाला टोचणारे तुकडे आले तर गाडी पुढे चालवू नका. पहिली ट्रॉली अर्ध्या वजनाची, जवळची.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर घूं घूं आवाज येत असेल, सोडल्यावर थांबत असेल, तर "चालून चालून बसेल" यावर विश्वास ठेवू नका. लगेच परत न्या आणि ठशाचा फोटो समोर ठेवा.

११. ओढताना

पाण्याची टाकी पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर गाडीला ढकलतं. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येईल असं सामान लावा. घाट उतरताना तोच गिअर ठेवा, जो चढताना लागला असता. वाढलेला रेशो उतारावर इंजिन ब्रेकिंगलाही मदत करतो, त्याचा उपयोग करून घ्या.

ओढ्याच्या थंड पाण्यात तापलेला ॲक्सल बुडाला असेल तर घरी आल्यावर तेल बघा. दुधाळ झालं असेल तर त्याच दिवशी बदला.